जवसाच्या कोंबड्या

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर, एका शिंप्याच्या दुकानावर दामिनी खोडे यांची खोली होती. दाराशी छोटी पाटी: खाजगी चौकशी. दामिनीबाईंनी वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी दावे तपासले होते. मेलेली म्हैस खरंच मेली का, आणि मेली ती तीच म्हैस का, हे शोधण्यात त्यांची उमर गेली. आता त्या स्वतःचं काम करत आणि मागच्या खोलीत एकट्या राहत.

सुरेश धोटे गुरुजी रोज सकाळी दहाला तिथे येऊन बसत. चौकशीत त्यांना फारशी गती नव्हती. घरी बसवत नव्हतं, एवढंच. पत्नी सुधाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. चहा झाला, पेपर झाला, की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरे. दामिनीबाईंना कामावर जाताना सोबतीला माणूस लागे, आणि गुरुजींना जायला एक ठिकाण लागे. हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या शनिवारी गुरुजींनी पेपरची घडी मोडली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिशी ओलांडलेली एक बाई छातीशी फाइल धरून दारात उभी राहिली.

"मी सुचिता कामडे. सौंसरहून आली," ती म्हणाली. "खोटेपणा कोण करून राहिलं, ते मला शोधून द्या. नाहीतर सोमवारी खोटारडी मीच ठरते."

"आधी बसा," दामिनीबाई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

सुचिता खुर्चीच्या कडेवर बसली. "मी इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. बाबा गेल्यावर मोहगाव रोडवरचं शेत माझ्याकडे आलं. घरी मी एकटीच. तिथे कोंबड्यांचे दोन शेड आहेत. दोन्हीत शंभर शंभर पक्षी. पहिल्या शेडला साधा दाणा. दुसऱ्याला तोच दाणा, पण त्यात दळलेलं जवस, थोडं जीवनसत्त्व ई, आणि रंगासाठी झेंडूच्या वाळल्या पाकळ्या."

"एवढा खटाटोप कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"कोंबडी जे खाते ते तिच्या मांसात उतरतं, सर. जवसात ओमेगा-थ्री असतं. पोटातल्या बाळाच्या वाढीला ते लागतं, आईलाही लागतं. माशांत पुष्कळ मिळतं, पण आपल्याकडे मासे किती घरी शिजतात? कोंबडी मात्र आठवड्याला शिजते. मला एवढंच पाहायचं होतं, की आपल्याच शेतातलं जवस कोंबडीच्या वाटेनं माणसाच्या ताटात येतं का."

"आलं?"

"दोन बॅचमध्ये आलं. नागपूरला मांडीचं मांस तपासलं. शंभर ग्राममध्ये साध्या कोंबडीत सत्तर मिलिग्रॅम, जवसाच्या कोंबडीत तीनशे तीस. दोन्ही वेळा जवळपास हेच." तिनं फाइल उघडली. "मोहगावजवळ एक धर्मादाय प्रसूतिगृह आहे. ते बाळंतिणींच्या जेवणात माझ्या कोंबड्या घेणार होते. फक्त तिसऱ्या बॅचचा रिपोर्ट मागितला. आणि तिसऱ्या बॅचला हे आलं."

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. शेवटी ठळक अक्षरांत होतं: दोन्ही नमुन्यांत फरक आढळला नाही.

"शेवटचं वाक्य राहू द्या, गुरुजी. आकडे वाचा," दामिनीबाई म्हणाल्या.

"साधी, एकशे अठ्ठ्याण्णव. जवसाची, दोनशे तीन."

दामिनीबाईंनी ते दोन आकडे पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतले.

"तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चारचौघांत विचारलं, मागचे आकडे घरी बसून लिहिले होते का," सुचिता म्हणाली. "सोमवारी तिथली समिती बसणार आहे. नमुन्यांची कोणीतरी मिसळामिसळ केली, मॅडम. साध्या कोंबडीत एवढा आकडा येतच नाही."

"जवस चोरीला गेलं नाही?"

"एक मूठ नाही. पोतं माझ्या कुलपात असतं. रोज सकाळी मी स्वतः वजन करून दोन बादल्या भरते. निळ्या झाकणाची पहिल्या शेडला, लाल झाकणाची दुसऱ्या शेडला. सहा आठवड्यांत जेवढं लागायला पाहिजे, बरोबर तेवढंच लागलं."

"दाणा कोण टाकतं?"

"आधीच्या दोन बॅचला मी रजेवर होते, मीच टाकत होते. आता कॉलेज सुरू झालं. साडेसहाच्या बसने निघते, परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो. म्हणून आता नत्थूकाका टाकतात. बाबांच्या वेळचे आहेत ते. शेतावरच राहतात. त्यांच्यावर मी संशय घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका."

"आत्ता शेडमध्ये पक्षी आहेत?"

"आहेत. पुन्हा तीच चाचणी लावली आहे. पण खरं सांगू? रिपोर्ट आल्यापासून मी शेडमध्ये नीट गेलेच नाही. बादल्या भरते आणि निघते. कोंबड्यांकडे पाहवत नाही."

दामिनीबाई उठल्या. "नागपूरला फोन करून प्रत्येक तुकड्याचा वेगवेगळा आकडा मागवा. सरासरी नको, सुटे आकडे. आणि चला, आजच जाऊ."

शनिवार असल्यामुळे बस जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या भाविकांनी भरली होती. गुरुजींना खिडकी मिळाली. संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. झाडाखाली क्रेट रचलेले, पऱ्हाटीच्या कापसाची शेवटची वेचणी चाललेली, बायका ओळीनं वाकलेल्या. सुधाला या रस्त्यानं जायला आवडायचं. ती खिडकीत बसली की गुरुजी तिच्या पलीकडून बाहेर पाहत. आज मधे कोणी नव्हतं. सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता आणि ते त्यांना बरं वाटत नव्हतं.

सौंसरला उतरल्यावर सुचिता पुढे शेतावर गेली. बसस्टँडसमोर गजेंद्रचं पशुखाद्याचं दुकान होतं. सुचिताचं जवस तिथूनच येई. गुरुजींना तो पहिल्या नजरेत संशयास्पद वाटला. त्याच्या मागच्या फळीवर कोंबड्यांच्या टॉनिकच्या बाटल्या रांगेनं लावल्या होत्या.

"सुचिताताईनं टॉनिक बंद केलं माझ्याकडचं, खरं आहे," गजेंद्र म्हणाला. "रागही आला होता. मी चार लोकांत हसलो बी तिच्यावर. जवस खाऊन कोंबडी काय डॉक्टर होऊन राहिली का, असं म्हटलं."

"मग जवसात भेसळ केली?" गुरुजींनी थेट विचारलं.

"काय बोलून राहिले जी तुम्ही!" गजेंद्र उसळला. त्यानं पोत्यात हात घालून मूठभर जवस गुरुजींच्या तळहातावर ओतलं. तपकिरी, चकचकीत दाणे बोटांतून निसटले. "हे पाहा. त्याच शेतकऱ्याचं, त्याच खळ्यावरचं. आधीच्या बॅचला बी हेच होतं. अन् तिचं काम जमलं तं तालुकाभर जवस मीच विकीन ना? माझं नुकसान कशात आहे, तुम्हीच सांगा."

दामिनीबाईंनी एकच प्रश्न विचारला. "पहिल्या शेडचा साधा दाणाही तुमचाच?"

"माझाच. त्यात जवस नाही, काही नाही. मका, सोयाबीनची ढेप, खनिजं."

"बरं," म्हणून त्या बाहेर पडल्या.

"हाच असणार," गुरुजी पायरी उतरताना म्हणाले. "जवस खराब दिलं."

"जवस खराब असतं तर साध्या कोंबडीचा आकडा कसा वाढला असता, गुरुजी?"

गुरुजींनी तळहाताला चिकटलेला जवसाचा दाणा झटकला.

मंगेशला त्यांनी संत्रा मंडीत गाठलं. त्याची पिकअप गाडी आठवड्यातून तीनदा नागपूरला जाई. नमुन्यांचा थर्माकोलचा डबा त्यानंच नेला होता. आधी तो मोकळेपणानं बोलला. मग दामिनीबाईंनी विचारलं, "वाटेत कुठे थांबले?" तेव्हा त्यानं गाडीचा दरवाजा उगीच उघडून लावला.

"जामसांवलीला. दर्शन घेतलं, अर्धा घंटा."

"डबा?"

"गाडीतच."

"आणि?"

मंगेशनं इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, सुचिताताईले नका सांगू. मी परत आलो तं डबा लवंडला होता. वर क्रेट पडलं होतं. झाकण निघालं, दोन्ही पाकिटं फाटली. पाच मांड्या या पाकिटातल्या, पाच त्या पाकिटातल्या, सगळ्या बर्फात. मी जमन तशा भरल्या. पाच-पाच भरल्या. पण कोणती कोणती, ते देवालेच मालूम."

गुरुजींनी दामिनीबाईंकडे विजयानं पाहिलं. झालं! साधे आणि जवसाचे तुकडे मिसळले, म्हणून दोन्हीचा आकडा मधे आला. मंडीतून बाहेर पडल्यावर त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"तुमचं गणित बरोबर आहे," दामिनीबाई म्हणाल्या. गुरुजींना इतकं बरं वाटलं की त्यांना पुढचं ऐकू यायला क्षण लागला. "पण ते खरं आहे का, ते सुट्या आकड्यांवरून कळेल."

सुचिताचं शेत रस्त्यापासून आत होतं. दोन लांब शेड, मधे सिमेंटची बोळ, दोन्हीकडे जाळी. एका शेडमधून दुसरा आरपार दिसे. बोळीच्या टोकाला पत्र्याची खोली, तिच्यासमोर चूल. नत्थूजी चुलीपाशी उकिडवे बसले होते. सत्तरीला टेकलेला माणूस, अंगात बंडी, डोक्याला रुमाल. कोंबड्यांशी काहीतरी पुटपुटत होते. माणसं दिसताच गप्प झाले.

"या जी," एवढंच म्हणाले.

शेडमध्ये तुसाचा उबट वास होता. छतापासून पिवळे बल्ब लोंबत होते, पण आता दुपारचं ऊन जाळीतून आत आलं होतं. पांढरे पक्षी गुरुजींच्या पायांशी धावून आले. हळदीच्या पाण्यातून चालून आल्यासारखे त्यांचे पाय पिवळेधमक होते. गुरुजी या शेडमधून त्या शेडमध्ये गेले, पुन्हा बोळीत आले, पुन्हा आत शिरले आणि गोंधळले.

"मी आता कोणत्या शेडमध्ये आहे हो?" त्यांनी विचारलं. "मला सगळ्या कोंबड्या सारख्याच दिसून राहिल्या."

दामिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून एक पक्षी उचलला, मग पलीकडच्या शेडमधला एक. दोन्ही पुन्हा अलगद सोडले. मग बोळीत उपड्या ठेवलेल्या दोन बादल्या सुलट्या केल्या. उजव्या हाताचं बोट निळ्या झाकणाच्या बादलीत आतून फिरवलं, डाव्या हाताचं लाल झाकणाच्या बादलीत. दोन्ही बोटं गुरुजींच्या नाकासमोर धरली.

"काय वास येतो?"

"तेलकट. गजेंद्रच्या दुकानात हाताला लागला होता तसा."

"कोणत्या बोटाला?"

"दोन्हीला," गुरुजी म्हणाले. त्यात विशेष काय ते त्यांना कळलं नाही.

ते भिंतीला टेकून उभे राहिले. खुंटीला एक ताडपत्री टांगलेली होती. तिच्या घडीतून पिवळसर तपकिरी चुरा त्यांच्या खांद्यावर सांडला. त्यांनी तो झटकला.

नत्थूजींनी चहा केला. चार कप मांडले आणि ओतला. एका कपात थोडा कमी पडला, तर त्यांनी दुसऱ्यातून चमचाभर काढला. मग तो दुसरा कमी वाटला, तर तिसऱ्यातून त्यात घातला. वाकून, डोळा कपाच्या कडेला लावून, चारही कप एका रेषेत आल्यावरच त्यांनी ते उचलले. चौथा कप स्वतःचा होता. तोही तेवढाच भरलेला.

"नत्थूकाका असेच आहेत," सुचिता कौतुकानं म्हणाली. "पेढा दिला तरी मोजून सारखे वाटे करतील."

नत्थूजींनी मान खाली घातली.

"दिवसभर इथे एकटेच का?" गुरुजींनी विचारलं.

"एकटा कशाचा? दोनशे जीव हायेत," नत्थूजी म्हणाले. "बोलत नाही, पन आयकतात."

तेवढ्यात सुचिताचा फोन वाजला. नागपूरहून सुटे आकडे आले होते. दामिनीबाईंनी फोन गुरुजींकडे दिला.

"साध्या पाकिटातले पाच तुकडे," गुरुजींनी वाचलं, "एकशे एक्क्याण्णव, दोनशे चार, एकशे सत्त्याण्णव, एकशे एकोणनव्वद, दोनशे नऊ. जवसाच्या पाकिटातले: दोनशे सहा, एकशे पंच्याण्णव, दोनशे बारा, दोनशे एक, दोनशे एक."

दामिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"सुचिता, तुमच्या कोंबड्यांनी खरंच सांगितलं आहे," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट बरोबर आहे. मागचे दोनही बरोबर होते."

"म्हणजे कसं, मॅडम?"

"एकेक शक्यता काढून टाकू. जवस निकामी असतं, तर दोन्ही शेडचा आकडा सत्तरच्या आसपास आला असता. तो दोनशे आला, म्हणजे गजेंद्र सुटला. पाकिटांची अदलाबदल झाली असती, तर साधी तीनशे तीस आणि जवसाची सत्तर, असं उलटं आलं असतं. तसंही झालं नाही."

"आणि तुकडे मिसळले असतील तर?" गुरुजी घाईनं म्हणाले.

"तुकडे मिसळले. मंगेशच्या गाडीत डबा लवंडला आणि त्यानं ते लपवलं. त्याची चूक आहेच." सुचिता काही बोलणार होती, पण दामिनीबाईंनी हात वर केला. "पण विचार करा, गुरुजी. सत्तरवाल्या पाच मांड्या आणि तीनशे तीसवाल्या पाच मांड्या डब्यात कितीही कालवल्या, तरी प्रत्येक मांडी सत्तरची किंवा तीनशे तीसचीच राहणार. सरासरी मधे येईल, सुटी मांडी मधे येणार नाही. आत्ता तुम्ही दहा आकडे वाचले. त्यात सत्तर कुठे होता? तीनशे तीस कुठे होता?"

गुरुजींनी फोनकडे पुन्हा पाहिलं. एकशे एकोणनव्वदपेक्षा खाली काही नव्हतं, दोनशे बारापेक्षा वर काही नव्हतं.

"दहाही मांड्या दोनशेच्या आगेमागे. सत्तर आणि तीनशे तीस यांच्या बरोबर मधे दोनशे येतात. म्हणजे मिसळ डब्यात झाली नाही. कोंबड्या जिवंत असताना, त्यांच्या पोटात झाली. दोनशे पक्ष्यांनी एकच दाणा खाल्ला, आणि प्रत्येकानं जवस अर्धंच खाल्लं."

"पण जवस तर तेवढंच लागलं!" सुचिता म्हणाली. "जास्त लागलं असतं तर मला कळलं असतं."

"म्हणूनच. चोराला जास्त लागतं. वाटणाऱ्याला जास्त लागत नाही. जे शंभर जणांचं होतं ते दोनशे जणांत वाटलं गेलं. आणि ते अजून चालू आहे. पहिल्या शेडमध्ये जा आणि उजेडात पाय पाहा. साधा दाणा खाणाऱ्या पक्ष्याचे पाय फिके असायला पाहिजेत. झेंडू फक्त लाल बादलीत आहे ना? मग पहिल्या शेडचे पाय हळदीसारखे कसे? तुम्ही अंधारात येता, वर पिवळे बल्ब. तुम्हाला दिसलं नाही. गुरुजींना दिसलं, त्यांना शेडच ओळखू येईना. निळ्या बादलीलाही जवसाच्या तेलाचा वास आहे. आणि दोन्ही बादल्या जिच्यावर ओतून कालवतात, ती ताडपत्री तिथे टांगलेली आहे. तिचा चुरा गुरुजींच्या खांद्यावर अजून आहे."

गुरुजींनी नकळत खांद्याला हात लावला.

कोणी नत्थूजींकडे पाहिलं नाही. पण साडेसहापासून अंधार पडेपर्यंत दोन्ही बादल्या एकाच माणसाच्या हातात असत.

मग सुचिता हळूच म्हणाली, "काका?"

नत्थूजी उठले नाहीत. चुलीतल्या राखेकडे पाहतच बोलले.

"मीनंच केलं, बाई. गजेंद्रचं नाही, मंगेशचं नाही. माह्यंच हाय."

"पण काऊन, काका? कोणी सांगितलं होतं?"

"कोन सांगन?" ते थांबले. "माय मेली तवा मी पाच सालाचा होतो. मामाच्या घरी वाढलो. मामी वाईट नोयती. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पन ताटं दोन परकारची राहत. मामेभावायच्या ताटात तूप, माह्या ताटात ताक. एकाच रांगेत. मले ताक आवडे बी. पन बाजूच्या ताटाकडे पाहा लागे ना, बाई. रोज पाहा लागे."

त्यांनी शेडकडे बोट केलं.

"मधात जाळीच हाय. लाल बादली आली का इकडचे सारे जाळीले चोच लावून उभे राहत. तिकडचे खात, हे पाहत. चार दिवस पाह्यलं मी. पाचव्या दिवशी दोन्ही बादल्या ताडपत्रीवर ओतल्या अन् कालवल्या. शेवट तं दोघायचा एकच हाय. मंग जेवनात तरी फरक काऊन?"

सुचिताच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, ते गुरुजींना सांगता आलं नसतं. "मला सांगायचं होतं ना. लोक मला खोटारडी म्हणून राहिले, काका. तुम्हाला माहीत होतं."

"रिपोर्ट आला तवा मालूम पडलं. तवापासून घास उतरून नाही राहिला. दोन दिवस बंद बी केलं, मंग ते पुन्हा जाळीले येऊन उभे राह्यले." नत्थूजींनी रुमालानं तोंड पुसलं. "सांगतलं असतं तं तुम्ही दुसरा मानूस पाह्यला असता. तुमच्या बाबाजीनं ही खोली देल्ली तवापासून मी कुठी गेलो नाही. जायले जागाच नाही. उद्या सकाळी निंगतो मी. तुमचा बोल माह्यावर राहू द्या, तुमच्यावर नको."

ते उठले आणि खोलीत गेले. आत पेटी ओढल्याचा आवाज आला.

गुरुजींना तिथे बसवेना. पेटी भरण्याचा तो आवाज त्यांना ओळखीचा होता. सुधाच्या साड्या त्यांनी अशाच एकट्यानं पेटीत घातल्या होत्या. ते उठले आणि सुचितापाशी गेले.

"मुली, मला तुझं हे शास्त्र कळत नाही," ते म्हणाले. "पण मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. जवस नाही तर सत्तर. पूर्ण दिलं तर तीनशे तीस. अर्धं दिलं तर बरोबर दोनशे. तुझ्याकडे आधी दोन ठिपके होते. आता तीन झाले, आणि तिन्ही एका रेषेवर आहेत. यापेक्षा मोठा पुरावा कोणता असतो?"

सुचिता त्यांच्याकडे पाहत राहिली. दामिनीबाईही. गुरुजींना सुचलं ते आपल्याला आधी सुचलं नाही, असं दामिनीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसलं.

सुचितानं डोळे पुसले. ती खोलीच्या दाराशी गेली. "काका, पेटी ठेवा खाली," ती म्हणाली. "सोमवारी मी जे झालं ते सगळं सांगणार आहे, तुमच्या नावासकट. तुम्ही गेले तर लोक म्हणतील मीच कोणाला तरी पुढे केलं. आणि तुम्ही गेल्यावर मी अंधारात घरी येऊन कोणाशी बोलू?"

आत आवाज थांबला.

सोमवारी समिती बसली. सुचितानं काहीच लपवलं नाही, मंगेशचा लवंडलेला डबाही नाही. डॉक्टरीणबाईंनी दहाही आकडे दोनदा तपासले, मग कागदावर तीन ठिपके काढून त्यांतून स्वतः रेघ ओढली. चारचौघांत बोललेले शब्द त्यांनी चारचौघांतच मागे घेतले. कोंबड्या घ्यायचं मात्र लगेच ठरलं नाही. आणखी एक बॅच हवी, या वेळी चोख, असं ठरलं.

चोख बॅचला पहिल्या शेडसाठी दुसरा माणूस हवा होता. नत्थूजींनी हात जोडून सांगितलं, ताडपत्री जाळून टाकतो, पण साधी बादली माझ्या हातात देऊ नका. सुचिताला रजा नव्हती. गुरुजींनी फोनवर हे ऐकलं आणि विचार न करता म्हणाले, "मी येतो."

नव्या बॅचला झेंडू आणि जवस सुरू झालं त्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या बसने सौंसरला उतरले. नत्थूजी लाल बादली घेऊन पलीकडे गेले. गुरुजींनी निळी उचलली. दाणा ओतला. पक्षी धावून आले, दोन चोची मारल्या, आणि त्यांतले बरेचसे जाळीपाशी जाऊन पलीकडे पाहत उभे राहिले.

गुरुजींना हे सोपं वाटलं होतं. शेवटी साधा दाणा म्हणजे काही उपास नव्हे. पण ती शंभर डोकी एकाच दिशेला वळलेली त्यांना पाहवेनात. बादली हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग जाळीकडे पाठ करून तुसावर खाली बसले आणि हातानं दाणा हलवून आवाज करत राहिले, एकेक पक्षी परत येईपर्यंत. शेवटचा यायला पाऊण तास लागला.

बोळीत आल्यावर त्यांनी दामिनीबाईंना फोन लावला.

"सहा आठवडे माझं हेच चालणार," ते म्हणाले. "सकाळी दहाला यायला जमणार नाही आता. परतायला दोन वाजतील."

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"दोनला या," दामिनीबाई म्हणाल्या. "पण या, गुरुजी."